पणजीची रात्र कुठून आली, थोडं मागचं

बेळगावातनं शनिवारी दुपारी "पणजीला जाऊलालोय" म्हणून निघायचं, जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट, आणि अंधार पडला की मांडवीवरच्या कॅसिनोंचे लाईट. आपल्या कितीतरी पोरांची पणजी एवढीच असते, आणि मला ते मनापासून वाईट वाटतं, कारण ज्या पाण्यावर ते कॅसिनो उभे आहेत ती नदी आपल्या खानापूर तालुक्यात देगावजवळ भीमगडच्या जंगलात उगवते. तिथं ती म्हादई, खाली गेली की मांडवी. कणकुंबीत माऊलीच्या देवळाजवळ मलप्रभा उगवते ती पूर्वेकडं जाते, आणि ही मात्र पश्चिमेला समुद्राकडं.

पणजी ही मुळात राजधानी नव्हतीच. पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा घेतला तेव्हाची राजधानी म्हणजे नदीकाठीच थोडं वर असलेलं आजचं जुनं गोवें, आता आपण चर्च बघायला जातो ते. ते मोठं शहर होतं, पण कॉलरा, मलेरिया अशा साथी परत परत आल्या, पाणी वाईट, माणसं मरायला लागली आणि उरलेली हळूहळू निघून गेली. शेवटी 1759 मध्ये व्हाइसरॉय पणजीला आदिलशहाच्या जुन्या वाड्यात राहायला आला, आणि 1843 मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली, नाव ठेवलं नोव्हा गोवा. तो वाडा अजून नदीकाठी उभा आहे, विजापूरच्या आदिलशहाचा, म्हणजे आपल्या बाजूच्याच सत्तेचा. त्याच्या शेजारी आबे फारियाचा पुतळा आहे, संमोहनविद्येतलं मोठं नाव, गोव्याचाच माणूस.

त्याआधी इथं होतं काय, तर खाडी, दलदल, वाळू. रायबंदरकडनं येताना आपण ज्या लांबलचक बांधावरनं येतो तो 1630 च्या दशकातला, आणि 1820 च्या दशकात आलेल्या मानुएल द पोर्तुगाल इ काश्त्रु या व्हाइसरॉयनं दलदल भरून, वाळूचे ढीग सपाट करून सरळ रस्ते पाडले. टेकडीवरचं पांढरं चर्च सगळे फोटोत घेतात, पण त्याची मोठी घंटा जुन्या गोव्यातल्या पडलेल्या ऑगस्टिनियन मठातनं आणलेली आहे हे कुणी सांगत नाही. ओसाड पडलेल्या राजधानीची घंटा नव्या राजधानीत वाजते, मला तर ती पणजीतली सगळ्यात बघण्यासारखी गोष्ट वाटते.

फोंताइन्यास आणि माळा या पणजीतल्या जुन्या वस्त्या मात्र चालतच बघा, गाडीतनं नको. रंगीत भिंती, लाकडी बाल्कन्या, जवळच मारुतीचं देऊळ, तिथं सकाळी सातला गेलात तर शहर स्वतःशीच बोलत असतं.

आता रात्रीचं. 1949 च्या कायद्यानं मुंबई राज्यात दारूबंदी आली तेव्हा बेळगाव मुंबई राज्यातच होतं, 1956 ला म्हैसूर राज्यात गेलं, आणि इकडं बंदी असताना घाटाखाली पोर्तुगीजांच्या राज्यात गल्लोगल्ली तावेर्न, म्हणजे दारूचे गुत्ते, उघडे होते, काजूची फेणी, उर्राक, सगळं राजरोस. आपल्या भागात "गोवा म्हणजे मोकळीक" हे जे डोक्यात बसलंय त्याला असाही जुना आधार आहे. 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला, त्या कारवाईची पुढची छावणी बेळगावातच होती, पण गोव्यातल्या बाटलीवर बंदी काही आली नाही.

कॅसिनो मात्र अलीकडचे. गोव्याचा जुगाराचा कायदा 1976 चा, तो जुगार बंद करणारा, त्यात 1992 मध्ये पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीनला आणि 1996 मध्ये जहाजावरच्या खेळांना वाट काढून दिली, मग मांडवीत बोटी येत गेल्या. 2004 पासून इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव पणजीत भरायला लागला, त्यानं नदीकाठ सुधारला, गर्दीही वाढली. आणि 1 फेब्रुवारी 2020 पासून गोवेकरांनाच कॅसिनोत खेळायला बंदी आहे, म्हणजे तिथं पैसे हरणारा बाहेरचाच, त्यात आपण बेळगाव, हुबळी, कोल्हापूरवाले आलोच.

याच म्हादईच्या पाण्यावरनं कर्नाटक आणि गोव्यात वर्षानुवर्षं भांडण आहे, लवादानं 2018 मध्ये कर्नाटकाला 13.42 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं तरी ते मिटलेलं नाही. पुढच्या वेळी घाट उतरण्याआधी कणकुंबीत दहा मिनिटं गाडी थांबवा, माऊलीचं दर्शन घ्या, आणि पणजीत पोचलात की बोटीचं तिकीट काढायच्या आधी तासभर नदीच्या काठानं नुसतं चाला.