ठरावीक साइट न उघडणं

ठरावीक साइट न उघडणं म्हणजे नेट चालू आहे, वायफाय फुल्ल दाखवतंय, शेजारच्या टॅबमध्ये यूट्यूबवर गाणं वाजतंय, आणि नेमकी आपल्याला हवी ती एक साइट ब्राउजरमध्ये गोल गोल फिरत बसते, असा बिघाड. मुंबईत याला वेगळं नाव नाही, लोक "नेट आहे पण साइट ओपन होत नाहीये" एवढंच म्हणतात आणि समोरचा न ऐकताच "रिस्टार्ट मारून बघ" म्हणून मोकळा होतो. नेट पूर्ण बसणं हा वेगळा आजार आहे, आणि खरं सांगायचं तर त्यातल्या त्यात सोपा, कारण वायर तुटली, रस्ता खोदणाऱ्या जेसीबीने फायबर उडवली किंवा रिचार्ज संपला, यातलंच काहीतरी असतं. इथे अर्धं चालतंय आणि अर्धं नाही, त्यामुळे भांडायचं कोणाशी तेच कळत नाही. आपला कॉम्प्युटर, घरातला राउटर, नेटवाला, साइटवाले आणि सरकार, पाचातल्या कोणाचाही हात असू शकतो.

'गूगल उघडतंय ना?'

मुंबईतल्या कितीतरी सोसायट्यांमध्ये नेट अजून एरियातल्या केबलवाल्याकडूनच येतं, गच्चीवरून गच्चीवर टाकलेल्या वायरने, आणि कंप्लेंट केली की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "दादा, गूगल उघडतंय ना? यूट्यूब? मग आपल्या साइडने ओके आहे." त्याचं अगदीच चुकत नाही, पण पुरावा म्हणून हे फार तोकडं आहे. गूगलने स्वतःचे कॅश सर्व्हर, म्हणजे व्हिडिओच्या प्रती साठवून ठेवणारी मशीनं, नेट कंपन्यांच्या जागेतच ठेवलेले असतात, म्हणजे आपण बघतो तो व्हिडिओ बऱ्याचदा देशाबाहेरून येतच नाही, इथूनच कुठूनतरी येतो. बाहेरची लाइन कितीही तुंबलेली असली तरी यूट्यूब मजेत चालणार आणि जर्मनीतल्या कॉलेजची ॲडमिशनची साइट लटकणार. वर्सोव्याला समुद्राखालच्या केबल किनाऱ्याला लागतात, त्या पार पश्चिम आशिया, इजिप्त करत युरोपला जातात, आणि ३० जानेवारी २००८ ला इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ दोन केबल तुटल्या तेव्हा इथलं नेट कित्येक दिवस रडतखडत चालत होतं. तेव्हा अंधेरीत बसून राउटर रिस्टार्ट करणाऱ्यांची दया येते.

म्हणून सगळ्यात आधी एकच करायचं. मोबाइलचा हॉटस्पॉट लावून त्याच लॅपटॉपवर, त्याच ब्राउजरमध्ये, तीच साइट उघडायची. उघडली तर लॅपटॉप निर्दोष, दोष घरच्या लाइनमध्ये. नाही उघडली तर मोबाइलच्याच ब्राउजरमध्ये बघायची, तिथेही नाही तर बहुतेक साइटच झोपलेली आहे किंवा बंद केलेली आहे. दोन मिनिटांचं काम आहे, पण लोक हे सोडून आधी विंडोज परत टाकायला निघतात.

एरर वाचायची असते

लोक एररचं पान बघतात, वाचत नाहीत. क्रोममध्ये डायनासोर आला तर नेटच नाही, विषय संपला. 'एनएक्सडोमेन' असं काही लिहिलं असेल तर साइटचं नावच कोणाला सापडलेलं नाही. 'टाइम्ड आउट' म्हणजे हाक मारली पण पलीकडून कोणी ओ देत नाही. 'कनेक्शन रीसेट' जास्त संशयास्पद, बोलणं सुरू झालं आणि मधेच कोणीतरी फोन ठेवून दिला असा त्याचा अर्थ, आणि तो कोणीतरी साइटवालाच असेल असं नाही. 'युवर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट' आलं तर भानगड सर्टिफिकेटची, म्हणजे साइटच्या ओळखपत्राची. आणि ४०३, ४०४ किंवा ५०३ असा आकडा आला तर तुम्ही पोचलात, दार उघडलं, आतल्या माणसानेच नाही म्हटलं, इथे राउटरला हात लावायचं काहीच कारण नाही.

नाव आणि नंबर

कॉम्प्युटरला साइटचं नाव कळत नाही, नंबर लागतो, आणि नावावरून नंबर शोधून देणारी जी व्यवस्था तिला डीएनएस म्हणतात. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी ती मांडली. पूर्वी एमटीएनएलची जाडजूड डिरेक्टरी घरात फोनखाली असायची तसंच हे, फरक इतकाच की ही डिरेक्टरी नेटवाला स्वतःकडे ठेवतो आणि दर वेळी त्यालाच विचारावं लागतं. छोट्या नेटवाल्याचा डीएनएस सर्व्हर कधी जुनं उत्तर देतो, कधी देतच नाही, आणि मग दहापैकी दोनच साइट अडकतात. इलाज म्हणजे राउटरमध्ये किंवा लॅपटॉपमध्ये डीएनएस बदलून ८.८.८.८ टाकायचा, हा गूगलचा, २००९ पासून आहे, किंवा १.१.१.१, तो क्लाउडफ्लेअरचा, एप्रिल २०१८ चा. विंडोजने लक्षात ठेवलेली जुनी उत्तरं पुसायला काळ्या खिडकीत, म्हणजे कमांड प्रॉम्प्टमध्ये, आयपीकॉन्फिग, स्पेस, स्लॅश, फ्लशडीएनएस. ऑफिसच्या लॅपटॉपवर मात्र हे उद्योग करू नका, कंपनीच्या आतल्या साइटची नावं बाहेरच्या डिरेक्टरीत नसतात, सगळं उघडेल आणि सुट्टी टाकायचं पोर्टल तेवढं बंद पडेल.

इथे अजून एक गंमत होते ती म्हणजे एका ब्राउजरमध्ये साइट उघडते आणि दुसऱ्यात नाही. हल्ली ब्राउजर स्वतःच्या सेटिंगमधून वेगळाच, लपेटलेला, म्हणजे वाटेत कोणाला वाचता न येणारा डीएनएस वापरू शकतो, आणि अँड्रॉइड ९ पासून फोनमध्येही 'प्रायव्हेट डीएनएस' आहे. भाच्याने कधीतरी जाहिराती बंद करायला तिथे काहीतरी टाकून दिलेलं असतं, तो पुण्याला निघून जातो, आणि सहा महिन्यांनी मामीच्या फोनवर तिकिटाची साइट का उघडत नाही यावर घरात चर्चासत्र. ॲड ब्लॉकर हा त्याच घराण्यातला, त्यामुळे इन्कॉग्निटो खिडकीत एकदा बघायचं, तिथे एक्स्टेन्शन सहसा चालत नाहीत आणि जुन्या कुकीही नसतात. तिथे उघडली तर त्या एका साइटच्या कुकी काढायच्या, सगळी हिस्टरी उडवायची गरज नाही.

घड्याळ

हे कारण कोणाला पटत नाही. साइटचं सर्टिफिकेट अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंतच खरं असतं, १ सप्टेंबर २०२० पासून ब्राउजरवाल्यांनी ही मुदत जास्तीत जास्त ३९८ दिवसांवर आणली आणि कित्येक तर ९० दिवसांचीच निघतात. ब्राउजर ती तारीख ताडून बघतो ती आपल्याच कॉम्प्युटरच्या घड्याळाशी.

गिरगावात आमच्या काकांकडे जुना डेस्कटॉप आहे, त्याच्यावर पेपरची साइट उघडायची, पंचांग उघडायचं, पण नातवाच्या शाळेची उघडेना. काकांचा ठाम समज की फी भरली नाही म्हणून शाळेने बंद केली. तासभर केबल काढून घालून झाल्यावर खालच्या कोपऱ्यात लक्ष गेलं, तर वेळ बरोबर वाटत होती पण तारीख अकरा दिवस मागे! मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेल, सीआर २०३२, मरायला टेकलेला, त्यामुळे पीसी बंद असला की घड्याळही थांबायचं. शाळेचं सर्टिफिकेट नुकतंच, आठवड्याभरापूर्वी बदललेलं, म्हणजे काकांच्या पीसीच्या मते ते अजून जन्मालाच आलेलं नव्हतं. बाकी साइटची जुनी होती म्हणून चालत होती. सेल चाळीस रुपयांचा. काका अजून म्हणतात शाळेनेच चालू करून दिली.

घड्याळ बरोबर असूनही सर्टिफिकेटवर अडत असेल तर मशीनचं वय बघा. ३० सप्टेंबर २०२१ ला 'डीएसटी रूट सीए एक्स ३' नावाचं एक मूळ सर्टिफिकेट संपलं, लेट्स एन्क्रिप्ट या फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेची सर्टिफिकेटं वापरणाऱ्या असंख्य साइट त्याच्या भरवशावर होत्या, आणि अपडेट न झालेले जुने मॅक, जुने आयफोन, जुने पीसी एका दिवसात त्यांना ओळखेनासे झाले. फायरफॉक्स तेवढा त्यातून वाचला, कारण विश्वासू सर्टिफिकेटांची यादी तो सिस्टिमकडून न घेता स्वतःची सोबत बाळगतो. विंडोज ७ वर क्रोम १०९ च्या पुढे जात नाही, एक्सपीवर तर ४९ लाच थांबला, त्यामुळे तिथे नवीन साइट अर्धवट दिसल्या तर तो बिघाड नाही, म्हातारपण आहे.

पाकिटाची साइज

मला विचाराल तर सगळ्यात जास्त लोकांना छळणारं आणि सगळ्यात कमी माहीत असलेलं कारण हे. नेटवरून माहिती पाकिटं करून जाते आणि एका पाकिटाची कमाल मर्यादा साधारण १५०० बाइट असते. केबलवाल्याचं कनेक्शन युजरनेम पासवर्ड टाकून लागतं त्याला पीपीपीओई म्हणतात, आणि त्या लपेटण्यातच ८ बाइट जातात, उरले १४९२. राउटरला हे माहीत असेल तर तो आधीच सांगून ठेवतो की पाकिटं जरा लहान पाठवा. माहीत नसेल तर पलीकडची साइट भरगच्च १५०० चं पाकीट पाठवते, ते वाटेत मावत नाही, आणि "मावलं नाही" हा निरोप परत पाठवायची सोय कोणीतरी सिक्युरिटीच्या नावाखाली बंद केलेली असते. पाकीट गायब, निरोपही गायब.

मुलुंडला आमच्या बिल्डिंगमध्ये एका पावसाळ्यात नेटवाल्याने भिजलेले राउटर बदलून दिले आणि दुसऱ्या दिवसापासून तळमजल्यावरच्या काकूंची बँक उघडेना. गंमत अशी की हाक मारण्याची सुरुवातीची पाकिटं लहान असतात, ती जातात येतात, त्यामुळे कनेक्शन लागल्यासारखं दिसतं, आणि मग साइट आपलं सर्टिफिकेट पाठवते, ते मोठं, ते अडकतं. फायरफॉक्सच्या खालच्या कोपऱ्यात 'परफॉर्मिंग अ टीएलएस हँडशेक' एवढं येऊन थांबलेलं. यूट्यूब मात्र सुसाट, कारण गूगलच्या साइट बऱ्याचदा क्विक नावाच्या नव्या पद्धतीने बोलतात आणि त्यात पाकिटं मुळातच लहान, १२०० बाइटच्या आसपास सुरू होतात. परत तेच, "गूगल उघडतंय ना काकू?"

तपासायचं असं, विंडोजच्या काळ्या खिडकीत पिंग, १.१.१.१, मायनस एफ, मायनस एल, १४७२. त्यात पाकिटावरच्या पत्त्याबित्त्याचे २८ बाइट मिळवले की १५०० होतात. आमच्याकडे १४७२ ला नुसता टाइम आउट, आणि १४६४ टाकल्यावर लगेच चार ओळी उत्तर. राउटरच्या पानावर एमटीयूच्या, म्हणजे पाकिटाच्या कमाल साइजच्या, चौकटीत १५०० होतं ते खोडून १४९२ केलं, सेव्ह, आणि बँक उघडली. काकूंनी लगेच "आता पैसे सेफ आहेत ना रे?" विचारलं, जो प्रश्न रास्त आहे पण त्याचा एमटीयूशी संबंध नाही.

मुद्दाम बंद केलेल्या

काही साइट बिघडलेल्या नसतात, बंद केलेल्या असतात. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ६९अ खाली केंद्र सरकार साइट ब्लॉक करायला सांगू शकतं, त्याची नियमावली २००९ ची, आणि त्याशिवाय कोर्टाचे आदेश असतात, मुंबई हायकोर्टातून पायरेटेड सिनेमांच्या साइटवर असे आदेश निघत आलेत. डिसेंबर २०१४ मध्ये ३२ साइटच्या यादीत गिटहब, व्हिमिओ आणि इंटरनेट अर्काइव्हसुद्धा गेले होते, तेव्हा बऱ्याच प्रोग्रामर लोकांची सकाळ राउटर बडवण्यात गेली. ३१ जुलै २०१५ ला ८५७ साइटची यादी आली. आदेश एकच असला तरी अमलात प्रत्येक नेट कंपनी आपापल्या पद्धतीने आणते, कोणी डीएनएसमध्ये खोटं उत्तर देतं, कोणी साइटचं नाव वाटेत वाचून कनेक्शन तोडतं, मगाशी म्हटलेलं 'रीसेट' ते हे. म्हणून दादरच्या लाइनवर बंद आणि ठाण्याला चालू असं दिसू शकतं.

उलटंही होतं. आपल्या कितीतरी सरकारी साइट भारताबाहेरच्या पत्त्यांना आत घेत नाहीत, आणि व्हीपीएन, म्हणजे आपलं नेट दुसरीकडून फिरवून आणणारं ॲप, चालू राहिला की ब्राउजर घाटकोपरमध्ये पण पत्ता सिंगापूरचा, मग सातबारा कसा दिसणार. आणि छोटे नेटवाले एकाच पब्लिक पत्त्यावर अख्खी वाडी चालवतात, चाळीतल्या कॉमन नळासारखं, त्यात एकाने कुठल्या साइटवर धिंगाणा घातला की ती साइट सगळ्यांनाच ४०३ दाखवते.

स्टेशनवरचं वायफाय

मुंबई सेंट्रलला जानेवारी २०१६ मध्ये रेल्वेचं फ्री वायफाय सुरू झालं, ते आणि मॉलमधलं, हॉस्पिटलमधलं, सगळ्यांचं एकच. आधी लॉगिनचं पान यायला हवं आणि ते येत नाही, कारण एचटीटीपीएसच्या साइटमध्ये घुसून ते पान दाखवता येत नाही. एखादी साधी, एस नसलेली एचटीटीपी साइट उघडायची, लॉगिन समोर येतं.

वाट बघायची वेळ

४ ऑक्टोबर २०२१ ला रात्री नऊच्या सुमारास फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप सगळं एकदम गेलं, त्यांनी स्वतःच नेटवर्कच्या दुरुस्तीत आपले रस्ते जगाच्या नकाशावरून पुसले होते, आणि सहाएक तास ते तसंच राहिलं. १८ नोव्हेंबर २०२५ ला संध्याकाळी पाचच्या आत-बाहेर असंख्य साइट ज्याच्यामार्फत चालतात ते क्लाउडफ्लेअर बसलं तेव्हा एकमेकांशी काही संबंध नसलेल्या साइट एकदम ५०० चा आकडा दाखवायला लागल्या. अशा वेळी दुसऱ्या एरियातल्या, दुसऱ्या कंपनीचं नेट असलेल्या कोणालातरी फोन करून विचारायचं, त्यालाही नसेल तर चहा टाकायचा.

आणि नेटवाल्यालाच फोन करायचा असेल तर "साइट उघडत नाही" म्हणू नका, तो गूगलचं विचारणार. साइटचं नाव, एररची ओळ, "हॉटस्पॉटवर उघडते, तुमच्या लाइनवर नाही, १४७२ चा पिंग जात नाही, १४६४ चा जातो" असं सांगा. आमचा तेव्हा दोन सेकंद गप्प झाला आणि म्हणाला, "थांबा, सरांना देतो."