प्रभाग म्हणजे नेमका कोणता? महापालिका निवडणुकीआधीच्या मतदार जागृतीची पार्श्वभूमी

राज्यातील २९ महानगरपालिकांसाठी १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले. मुंबई वगळता बाकीच्या शहरांतील मतदाराला एकाच वेळी एकाहून अधिक, आणि बहुतेक ठिकाणी चार मते द्यायची होती. महाविद्यालयांतील शपथा, प्रभातफेऱ्या, पथनाट्ये, चौकाचौकांतील फलक असे सारे त्याआधी नेहमीप्रमाणे सुरू झाले होते आणि त्या सगळ्याचा रोख 'मतदानाला या' एवढ्यावरच होता. आपण कोणत्या प्रभागात आहोत, त्या प्रभागाची हद्द कधी आणि कशी ठरली, चार मते कशासाठी आणि निवडून आलेल्या चौघांपैकी उद्या दार कोणाचे ठोठवायचे, हे मतदाराला नीट समजावून सांगण्याची परंपरा आपल्या शहरांत रुजलीच नाही. याला कारणे आहेत आणि ती बहुतांशी गेल्या पंचवीस वर्षांतील आहेत.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. मुंबईत १८७२ च्या कायद्याने निम्म्या सभासदांची निवड करदात्यांकडे आली, म्हणजे मत हा नागरिकाचा नव्हे तर कर भरणाऱ्याचा हक्क होता. १८८२ मधील स्थानिक स्वराज्याच्या सरकारी ठरावात मात्र एक विचार स्पष्ट मांडलेला होता: कारभार सुधारावा हा या संस्थांचा मुख्य हेतू नसून लोकांना राजकीय शिक्षण मिळावे हा आहे. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी या शिक्षणाचा पहिला धडा स्वतःचे नाव सांगण्याचा ठरला. 'अमक्याची बायको' किंवा 'तमक्याची आई' एवढीच ओळख सांगणाऱ्या, मुख्यतः उत्तरेकडील राज्यांतील सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे तेव्हा यादीतून वगळावी लागली होती. १९८९ मध्ये मतदानाचे वय २१ वरून १८ वर आले. १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने महापालिकांची मुदत पाच वर्षे ठरवली आणि त्यांच्या निवडणुका राज्य पातळीवरील स्वतंत्र आयोगाकडे सोपवल्या. मतदार शिक्षणाचा देशव्यापी कार्यक्रम २००९ पासूनचा आणि २५ जानेवारीचा मतदार दिवस २०११ पासूनचा आहे. हे दोन्ही लोकसभा आणि विधानसभेच्या निवडणुका डोळ्यांसमोर ठेवून घडले. महापालिकेच्या निवडणुकीत तेच फलक आणि त्याच घोषणा वापरल्या जातात. तिथे मतदारासमोरचे प्रश्न मात्र वेगळे असतात, आणि त्यांतला पहिला प्रश्न एका शब्दाचाच आहे.

तो शब्द म्हणजे 'प्रभाग'. कायद्याच्या मराठीत प्रभाग म्हणजे निवडणुकीसाठी शहराचा पाडलेला एक भाग. बोलीत त्यालाच वॉर्ड म्हणत आले. पण मुंबईकर 'वॉर्ड' म्हणतो तेव्हा त्याच्या मनात 'ए', 'के पश्चिम' किंवा 'जी उत्तर' असा अक्षरांनी ओळखला जाणारा प्रशासकीय विभाग असतो. पाणी आले नाही की तो 'वॉर्ड ऑफिस'मध्ये जातो, आणि त्या एका कार्यालयाच्या हद्दीत निवडणुकीचे अनेक प्रभाग येतात. निवडणुकीचे प्रभाग एकूण २२७ आहेत आणि त्यांना अक्षरे नव्हे, क्रमांक आहेत. त्यात भर म्हणून तीन लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत घटनेनेच वॉर्ड समित्या सांगितल्या आहेत. आपल्याकडे त्या 'प्रभाग समित्या' झाल्या आणि एकेका समितीच्या कक्षेत अनेक प्रभाग आले. म्हणजे प्रभाग समिती ही एका प्रभागाची समिती नव्हे, ही गोष्ट समितीच्या नावावरून कोणालाही कळण्यासारखी नाही.

मुंबईबाहेर हा गुंता आणखी वाढला. २००२ च्या निवडणुकीत इतर महापालिकांमध्ये तीन सदस्यांचे प्रभाग आले आणि तेव्हापासून वर्तमानपत्रांत व कार्यकर्त्यांच्या तोंडी 'वॉर्ड पद्धत' म्हणजे एक नगरसेवक आणि 'प्रभाग पद्धत' म्हणजे अनेक नगरसेवक, अशी विभागणी रूढ झाली. कायद्याला हा फरक माहीत नाही. त्याच्या लेखी एक सदस्य असो वा चार, तो प्रभागच. त्यामुळे 'एकसदस्यीय प्रभाग' हा शब्दप्रयोग कायद्याच्या दृष्टीने बिनचूक असूनही ऐकणाऱ्याला खटकतो. या सगळ्यावर कडी करतो तो मतदार चिठ्ठीवरचा 'यादी भाग क्रमांक'. हा मतदार यादीच्या पुस्तिकेचा क्रमांक असतो आणि त्याचा प्रभागाच्या क्रमांकाशी काही संबंध नसतो. तरीही 'भाग' हा शब्द वाचून तोच आपला प्रभाग, असे समजणारी सुशिक्षित माणसेही भेटतात. चूक त्यांची नाही. चिठ्ठीवरचा कोणता आकडा कशाचा, एवढे सांगणारा साधा फलक एखाद्या केंद्राबाहेर लागला असता, तर दहा घोषणांपेक्षा त्याचा उपयोग अधिक झाला असता.

शब्दाच्या या गोंधळापेक्षा खोलवर परिणाम झाला तो पद्धत वारंवार बदलण्याचा. २००२ मध्ये तीन सदस्य, २००७ मध्ये एक, २०१२ मध्ये दोन, २०१७ मध्ये चार. डिसेंबर २०१९ मध्ये पुन्हा एक सदस्य ठरला, २०२१ मध्ये तीन, आणि २०२२ मध्ये सरकार बदलल्यावर परत चार. पुण्याचे उदाहरण घेतले तर हा बदल नकाशावर दिसतो. २००७ मध्ये १४४ नगरसेवकांसाठी १४४ प्रभाग होते, २०१२ मध्ये १५२ जागांसाठी ७६, तर २०१७ मध्ये १६२ जागांसाठी अवघे ४१. मधल्या काळात १७३ जागा आणि ५८ प्रभागांचा आराखडाही तयार झाला होता, तो बाजूला पडला. २०२६ च्या निवडणुकीत जागा १६५ होत्या आणि प्रभाग पुन्हा ४१. शहरात सुमारे ३५ लाख मतदार आहेत, तेव्हा एका प्रभागात सरासरी ८५ हजारांच्या आसपास मतदार येतात. एकाच घरात राहून, पत्ता न बदलता, एखाद्या पुणेकराने पंचवीस वर्षांत चार-पाच वेगवेगळ्या प्रभागांतून मतदान केले असण्याची शक्यता आहे. मुंबई या बदलांतून वाचली, कारण तिचा कारभार १८८८ च्या स्वतंत्र कायद्याने चालतो.

बहुसदस्यीय पद्धतीच्या बाजूने दिली जाणारी कारणे निराधार नाहीत. २०११ पासून राज्यात स्त्रियांसाठी निम्म्या जागा राखीव आहेत, त्याशिवाय अनुसूचित जाती-जमाती आणि मागास प्रवर्गाच्या जागा असतात, आणि कोणती जागा कोणाला हे सोडतीने व चक्रानुक्रमाने ठरते. एकच जागा असलेल्या प्रभागात सोडतीची चिठ्ठी विरुद्ध निघाली की पाच वर्षे राबलेल्या नगरसेवकाला दुसरा प्रभाग शोधावा लागतो. चार जागा असतील तर त्याच भागात त्याला किंवा तिला एखादी जागा मिळण्याची शक्यता राहते, आणि मतदारालाही परिचित माणूस पुन्हा निवडता येतो. मोठ्या क्षेत्राचा एकत्रित विचार होतो, हेही सांगितले जाते.

पण या युक्तिवादात मतदाराची बाजू फार थोडी येते. ८५ हजार मतदारांपर्यंत पोहोचायचे तर पक्षाची यंत्रणा आणि पैसा हवा. अपक्षाला किंवा एखाद्या वस्तीत वर्षानुवर्षे काम केलेल्या कार्यकर्त्याला तो पल्ला झेपत नाही. २००७ मध्ये मुंबईत जुहू परिसरातील नागरिकांनी बैठका घेऊन आपल्यातूनच एक उमेदवार उभा केला आणि तो निवडून आणला, ते प्रभाग लहान आणि एका सदस्याचा होता म्हणूनच शक्य झाले. चार जागांसाठी पक्ष 'पॅनल' उभे करतात, प्रचार चिन्हाचा होतो आणि चौथ्या उमेदवाराचे नावही न वाचता मत दिले जाते. निवडून आल्यावर चारही नगरसेवक संपूर्ण प्रभागाचे असतात, म्हणून फुटलेल्या गटाराची तक्रार एकाकडून दुसऱ्याकडे आणि दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे जाते. प्रत्येक बदलाच्या वेळी कोणता पक्ष सत्तेत होता आणि त्याला कोणती रचना सोयीची होती, याचा हिशेब त्या त्या वेळी उघडपणे मांडला गेला आहे. मतदाराची सोय हा निकष मात्र कोणत्याही बाजूच्या निर्णयात ठळकपणे दिसत नाही. त्यातच मार्च २०२२ मधील कायद्याने प्रभागांच्या हद्दी आखण्याचे काम राज्य निवडणूक आयोगाकडून राज्य सरकारकडे गेले, आणि सीमारेषा कोणी ओढायची हा प्रश्न अधिक टोकदार झाला.

मतदान यंत्रासमोर या पद्धतीचा अर्थ काय होतो, तो पाहण्यासारखा आहे. चार जागांना अ, ब, क, ड अशी अक्षरे असतात आणि त्यांच्या मतपत्रिका पांढऱ्या, फिकट गुलाबी, फिकट पिवळ्या व फिकट निळ्या रंगाच्या असतात. मतदार पांढऱ्या पत्रिकेवरचे बटण दाबतो, दिवा लागतो, आणि आजवरच्या सवयीने काम झाले असे समजून तो वळतो. यंत्राचा लांब आवाज मात्र आलेला नसतो, कारण उरलेली तीन मते बाकी असतात. मग अधिकारी त्याला थांबवतो, मागची रांग खोळंबते, आणि गोंधळलेला माणूस नावे न वाचता हाताला येईल ते बटण दाबून मोकळा होतो. एखाद्या जागेसाठी कोणीच पसंत नसेल तर तिथे 'नोटा'चे बटण दाबावे लागते. २०१३ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर हा पर्याय नापसंती नोंदवण्यासाठी आला, आणि २०१८ मध्ये राज्यातील स्थानिक निवडणुकांपुरता असा आदेश निघाला की 'नोटा'ला सर्वाधिक मते मिळाल्यास त्या जागेसाठी नव्याने निवडणूक घ्यावी. लोकसभा-विधानसभेत नसलेली ही ताकद स्थानिक मतदाराच्या हाती आहे, हे किती जागृती फेऱ्यांत सांगितले जाते? चार मतांच्या केंद्रात तर 'नोटा' हा पर्याय नापसंतीपेक्षा मतदान पूर्ण करण्याची सोय म्हणूनच अधिक वापरला जाण्याचा धोका आहे.

निवडणुकीबाहेरच्या सहभागाचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. पुण्यात २००६ पासून नागरिकांनी आपल्या भागातील छोटी कामे अंदाजपत्रकासाठी सुचवण्याची सोय झाली. प्रभाग समित्यांवर स्वयंसेवी संस्थांचे प्रतिनिधी घेण्याची तरतूद कायद्यात आहे. केंद्राच्या नागरी विकास योजनेच्या निधीसाठी घातलेल्या अटींमुळे २००९ मध्ये राज्याने क्षेत्रसभेचीही तरतूद केली. काही मतदान केंद्रांच्या टापूतील मतदारांनी एकत्र बसावे, कामे सुचवावीत, प्रश्न विचारावेत आणि अध्यक्षस्थानी त्या भागाचा नगरसेवक असावा, अशी ती कल्पना होती. गावाला ग्रामसभा आहे, तशी शहराला क्षेत्रसभा मिळाली असती. ती बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिली. पुढे प्रभागच चौघांचा झाल्यावर 'त्या भागाचा नगरसेवक' म्हणजे कोण, हा नवा पेच उभा राहिला.

त्यानंतरची काही वर्षे तर नगरसेवकच नव्हते. मागास प्रवर्गाच्या आरक्षणासंबंधीचा मार्च २०२१ मधील न्यायालयीन निकाल, त्यामागोमाग प्रभागरचनेवरचे वाद आणि त्याआधीची करोनाची साथ, यांमुळे नवी मुंबई व औरंगाबादसारख्या शहरांत २०२० पासून, तर मुंबई-पुण्यात मार्च २०२२ पासून प्रशासकांचा कारभार सुरू झाला. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये निवडणुका घेण्याचा आदेश दिला आणि नंतर त्यासाठी ३१ जानेवारी २०२६ ही अखेरची मुदत घातली. २१ फेब्रुवारी २०१७ च्या मतदानानंतर लगेच अठरा वर्षांचा झालेला मुंबई किंवा पुण्याचा तरुण जानेवारी २०२६ मध्ये सव्वीस वर्षांचा होता. त्याने तोवर लोकसभेला दोनदा आणि विधानसभेला दोनदा मत दिले असेल, नगरसेवक मात्र एकदाही निवडलेला नव्हता.

या तरुणाला मतदानाला बोलावणारे फलक डिसेंबर २०२५ मध्ये लागले. त्याच्या मतावर परिणाम करणारे निर्णय मात्र त्याआधीच होऊन गेले होते. प्रभागांचे प्रारूप आराखडे ऑगस्टमध्ये आले, आरक्षणाची सोडत ११ नोव्हेंबरला निघाली, आणि प्रारूप मतदार याद्या २० नोव्हेंबरला प्रसिद्ध झाल्या. याद्यांवर हरकती घेण्यासाठी सुरुवातीला एकच आठवडा होता, तो पुढे ३ डिसेंबरपर्यंत वाढवला गेला. एका प्रभागातील मतदारांची नावे शेजारच्या प्रभागात जाणे, एकच नाव दोनदा येणे, या तक्रारी नेमक्या याच दिवसांत करायच्या असतात. आपल्या इमारतीची नावे कोणत्या प्रभागात गेली हे पाहायला त्या दिवसांत फारच थोडे लोक फिरकतात, कारण तेव्हा निवडणुकीचे वातावरणच तयार झालेले नसते. संभाव्य दुबार नावांपुढे या निवडणुकीच्या यादीत दोन तारे छापले होते. आपल्या नावापुढे ते आहेत का हे आधी पाहून ठेवले नाही, तर केंद्रावर हमीपत्र भरून देण्याची वेळ येणार होती.

याहून महत्त्वाची एक बाब आहे. महापालिकेची मतदार यादी वेगळी तयार होत नाही. विधानसभेची यादी घेऊन ती प्रभागनिहाय फोडली जाते. या निवडणुकीसाठी १ जुलै २०२५ रोजी अस्तित्वात असलेली यादी धरली होती. त्यानंतर नोंदणी केलेल्यांना, किंवा ऑगस्टमध्ये अठरा वर्षे पूर्ण झालेल्यांना, १५ जानेवारीला मत देता येणार नव्हते. डिसेंबरमध्ये महाविद्यालयाच्या पटांगणात हात पुढे करून मतदानाची शपथ घेणाऱ्या अकरावी-बारावीच्या आणि पहिल्या वर्षाच्या मुलामुलींत असे अनेक जण होते, आणि शपथ देणाऱ्यांनी त्यांना ही तारीख सांगितली नव्हती.