निंबाच्या किमतीत ऑक्सिजन कशाला?

रस्ता रुंद करायला निंब तोडले की जळगाव-भुसावळकडे एक मेसेज हमखास फिरतो: झाडाची किंमत म्हणजे 74,500 रुपये गुणिले झाडाचं वय. आकडा बनावट नाही. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने तो 2021 मध्ये दिला, आणि त्यातले 45,000 नुसत्या ऑक्सिजनचे. माझं भांडण या 45,000शी आहे.

पाण्यावाचून माणूस मरतो तरी पाणी स्वस्त आणि हिरा महाग, असं का? 1776 मध्ये अर्थशास्त्रज्ञ अ‍ॅडम स्मिथने हे कोडं मांडलं. पुढे रिकार्डो, मार्क्स या अर्थशास्त्रज्ञांनी वस्तूचं मूल्य तिच्यावर झालेल्या श्रमात शोधलं. मग आपोआप उगवलेल्या निंबाचं काय? 1871 मध्ये जेव्हन्स आणि मेंगर या अर्थशास्त्रज्ञांनी निराळं उत्तर दिलं. भाव 'पाण्याचा' ठरत नाही, शेवटच्या हंड्याचा ठरतो. पहिला हंडा पिण्याचा, दुसरा स्वयंपाकाचा, मग अंघोळ, धुणं, गुरं. दहावा अंगणात सडा मारायला. दहापैकी कुठलाही हंडा सांडला तरी राहून जातो तो सडाच. म्हणून प्रत्येक हंड्याचा भाव सड्याएवढा. नळ आठवडाभर आला नाही आणि घरात दोनच हंडे उरले, की सांडलेला हंडा स्वयंपाक बुडवतो. पाणी तेच, भाव कुठल्या कुठे. शेवटच्या हंड्याचा हा उपयोग, हीच सीमांत उपयोगिता.

आता हवा बघा. तिच्यात जवळजवळ 21 टक्के ऑक्सिजन आहे. एक निंब पडल्याने कुणाचा श्वास अडत नाही. त्या जादा ऑक्सिजनचं सीमांत मूल्य जवळपास शून्य. उलट मे महिन्यात भुसावळला पारा 45च्या पुढे गेला की बस थांब्यावरची एकुलती सावली पहिल्या हंड्याच्या मोलाची. (पिंपळ रात्रीही ऑक्सिजन देतो, हे मेसेजचं नेहमीचं शेपूट. उजेडाशिवाय ऑक्सिजन तयार होत नाही, पिंपळातही नाही.)

शेवटच्या हंड्याचा हा हिशेब थोड्याफार घटवाढीपुरताच चालतो. 1997 मध्ये पर्यावरण-अर्थतज्ज्ञ कोस्टान्झा आणि सहकाऱ्यांनी साऱ्या पृथ्वीच्या निसर्गसेवांची, म्हणजे निसर्ग आपल्यासाठी फुकट करतो त्या कामांची, किंमत वर्षाला सरासरी 33 लाख कोटी डॉलर काढली. पण साराच निसर्ग गेला, म्हणजे सगळेच हंडे फुटले, तर भाव विचारायला उरणार कोण?

रावेर-यावलच्या केळीचंच घ्या. सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोटे-वाळूचा 'बझाडा' पट्टा आहे. डोंगरातून आलेलं नाल्यांचं पाणी तिथे मुरतं आणि खालच्या विहिरी, ट्यूबवेलना मिळतं. केळीच्या खर्चात वीज धरतात, खत धरतात, मजुरी धरतात. मुरलेल्या पाण्याचा रकाना कोरा, कारण त्याचं बिल कुणी पाठवत नाही. आणि 74,500चं सूत्र भुसावळच्या थांब्यावरचा निंब आणि त्या नाल्यांच्या उगमाकडचा साग, दोघांना एकाच भावाने मोजतं.