सेगमेंट : पुण्यातील हौशी सायकलस्वारांची वेळस्पर्धा

सेगमेंट म्हणजे रस्त्याचा ठरवून घेतलेला तुकडा. तो सर्वांत कमी वेळात कोण पार करतो याची यादी मोबाइल ॲपवर बाराही महिने उघडी असते, आणि त्या यादीत वर चढण्यासाठी पुण्यातले हौशी सायकलस्वार जी धडपड करतात, तिच्याबद्दल ही नोंद आहे. या स्पर्धेला शिट्टी नाही, फीत नाही, छातीवर क्रमांक नाही. प्रतिस्पर्धी त्या वेळी रस्त्यावर असतोच असेही नाही. तो बहुधा दोन वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा गुरुवारी पहाटे येऊन गेलेला असतो. सिंहगड, बोपदेव, जुना कात्रज आणि दिवे हे घाट पुण्यातली मुख्य मैदाने. खेळणाऱ्यांत आयटीवाले अधिक दिसतात, पण डॉक्टर, दुकानदार आणि बँकेतून निवृत्त झालेले काकाही असतात, आणि चढावर काकांना कमी लेखणाऱ्याची बहुधा फजिती होते.

यादीत पहिला असलेल्याला 'केओएम', म्हणजे डोंगराचा राजा, आणि स्त्रियांच्या यादीतल्या पहिलीला 'क्यूओएम', म्हणजे राणी, म्हणतात. ही पदवी ॲपने शोधलेली नाही. टूर द फ्रान्समध्ये चढाईचे वेगळे गुण १९३३ पासून मोजले जातात आणि त्यातल्या पहिल्याला १९७५ पासून लाल ठिपक्यांची जर्सी मिळते. पुणेकरांना तर एवढे लांब जायचेही कारण नाही. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणत आले आहेत. फरक इतकाच, की त्या राजाला लोकांनी रस्त्याकडेला उभे राहून पाहिलेले असे. आताच्या राजाला त्याचा फोन पाहतो.

या प्रकाराचा प्रसार केला तो मुख्यतः स्ट्रावा या अमेरिकी ॲपने. ते २००९ मध्ये निघाले. नाव 'धडपडणे' या अर्थाच्या स्वीडिश क्रियापदावरून घेतलेले आहे. फोन किंवा हँडलबारवरचा जीपीएस संगणक दर सेकंदाला, कधी काही सेकंदांनी, आपण कुठे आहोत ते टिपत जातो. राइड अपलोड झाली की ती रेषा आधी आखलेल्या सेगमेंटवर ताडून पाहिली जाते, आणि जुळली तर सुरुवातीच्या व शेवटच्या बिंदूंमधला वेळ काढला जातो. हा वेळ घड्याळाचा असतो, चाके फिरत होती तेवढाच नव्हे. मधे सिग्नल लागला, चेन पडली, म्हशींचा कळप आडवा आला, तरी घड्याळ थांबत नाही. नव्या सायकलस्वाराला हे पहिल्यांदा कळते तेव्हा तो चिडतो.

सेगमेंट कोणीही आखू शकतो, त्यामुळे एकाच घाटाचे अनेक असतात. कोणी फाट्यापासून मोजतो, कोणी नाक्यापासून, आणि एखादा फक्त शेवटचे दोन उभे वळसे, कारण तेवढ्यात तो स्वतः पहिला येतो. एकाच सकाळी एकाच रस्त्यावर तीन राजे असू शकतात, आणि तिघांचेही दावे खरे असतात.

पुण्यात 'किती मिनिटांत?' असे नुसते विचारले, तर बहुधा सिंहगड अभिप्रेत असतो. खडकवासल्याच्या भिंतीवरून, डोणज्यावरून गोळेवाडीला यायचे आणि तिथून वर गाडीतळापर्यंत साधारण ९ किलोमीटर. मधे कोंढणपूरकडचा रस्ता येऊन मिळतो. या अंतरात सहाशे मीटरांच्या आसपास उंची गाठायची असते, म्हणजे सरासरी चढ सहा-सात टक्के. आकडा ऐकायला सौम्य वाटतो. वळणाच्या आतल्या बाजूने एकदा चढून पाहावे.

चढाची गंमत अशी, की तिथे हिशेब उघडा असतो. सायकलस्वार ७२ किलोचा आणि सायकल, बूट, पाणी मिळून १० किलो धरू. हे ८२ किलो सहाशे मीटर वर न्यायला सुमारे ४८० किलोज्यूल लागतात. ते ४० मिनिटांत करायचे तर फक्त गुरुत्वाकर्षणासाठी पायांनी सतत २०० वॅट दिले पाहिजेत. टायरचे घर्षण आणि हवा त्यावर वेगळी. ही चढाई तासाला ९०० मीटर या दराची झाली. टूर द फ्रान्समधले अव्वल चढाईपटू लांब घाटांवर तासाला १६०० च्याही वर जातात, हे लक्षात ठेवलेले बरे. याच हिशेबाने एक किलो वजन कमी झाले तर पंचवीस ते तीस सेकंद वाचतात. म्हणून नाक्याजवळ एक दृश्य नेहमी दिसते. गडी सायकलवरून उतरतो, दोन बाटल्यांपैकी एक झाडाच्या बुंध्याशी रिकामी करतो, पंप आणि ट्यूबची थैली मित्राच्या हवाली करतो, टायर अंगठ्याने दाबून पाहतो, आणि मग सेगमेंटच्या शंभर मीटर मागे जाऊन वळतो, म्हणजे रेषा ओलांडताना वेग आधीच पकडलेला असतो. पाऊण लिटर पाण्याचे वजन तो सेकंदांत मोजत असतो. पोटाचा घेर मात्र रविवारच्या मिसळीवर सोडून दिलेला असतो. (प्रस्तुत लेखकाने दोन्ही गोष्टी केल्या आहेत.)

वर पोचल्यावरची चूकही ठरलेली आहे. दम संपला की पाय आपोआप थांबतात आणि सेगमेंटचा शेवटचा बिंदू वीस पावले पुढे राहतो. रेषा पुरी ओलांडली नाही तर वेळ नोंदलीच जात नाही. जाणकार म्हणूनच गाड्यांमधून आणखी थोडे पुढे जाऊन एक गोल फेरी मारून येतात; मक्याची कणसे विकणाऱ्या मावशींना ही येरझार सवयीची झाली आहे. मग मडक्यातले दही, पिठलं-भाकरी, आणि चार डोकी एकाच फोनवर वाकलेली. स्वतःची जुनी वेळ मोडली की 'पीआर'. चांगल्या अपलोडवर मित्र 'कुडोज', म्हणजे ॲपवरची शाबासकी, देतात, तेही न बघता.

शनिवार-रविवारी आठनंतर सिंहगडावर पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागते आणि तिथे वेळ लावणे हा विनोद ठरतो. खरे प्रयत्न मधल्या वारी होतात. साडेचारचा गजर, पुढे-मागे दिवे, आणि नऊच्या आत आंघोळ करून लॅपटॉपसमोर. बोपदेव लहान आहे आणि कोंढव्याकडून पटकन गाठता येतो, म्हणून आठवड्याचा सराव तिथे. दिवे घाटातून आषाढात ज्ञानेश्वर महाराजांची पालखी सासवडकडे जाते. एरवी तो ट्रकांचा. तिथे वेळ लावायला जाणाऱ्याला समजुतीच्या दोन गोष्टी सांगाव्यात, इतकेच.

सपाट रस्त्यावरच्या यादीला मात्र फारसा अर्थ नसतो, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. सपाटीवर झगडा हवेशी असतो. हवेचा अडथळा भेदायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे पाठीशी वारा असला की सामान्य सायकलस्वारही वरच्या दहांत जातो. जून ते सप्टेंबर पुण्यात वारा मुख्यतः पश्चिमेकडून येतो, तेव्हा पूर्वेला जाणाऱ्या रस्त्यांवरचे विक्रम पावसाळ्यात पडले तर नवल नाही. मुळशीकडून परतताना सगळेच पैलवान असतात. काही जण आता आदल्या रात्री हवामानाचे ॲप उघडून वाऱ्याची दिशा बघतात आणि मग सेगमेंट निवडतात. दुसरा आडोसा टेम्पोचा. मोठ्या गाडीच्या मागे चिकटून गेले की हवा फुटलेली मिळते. वेळ भन्नाट लागते, आणि टेम्पोने ब्रेक मारला तर दातही जातात.

याहून वाईट उताराचे सेगमेंट. २०१० साली कॅलिफोर्नियात बर्कलीजवळच्या उतारावर गेलेला आपला विक्रम परत मिळवू पाहणारा एक सायकलस्वार अपघातात मरण पावला. कुटुंबीयांनी कंपनीवर दावा लावला. न्यायालयाने तो २०१३ मध्ये फेटाळला. धोकादायक सेगमेंटवर खूण करायची सोय ॲपमध्ये आहे, आणि अशी खूण झाली की त्याची यादी दिसत नाही. जुन्या कात्रज घाटाच्या उतारावर वळणात सांडलेली खडी असते, समोरून ओव्हरटेक करणारी गाडी असते, आणि कुत्री तर पुण्यात कुठेही असतात. अनुभवी गट उतारावर घड्याळ बघणाऱ्याला चारचौघांत झापतात, आणि ते योग्यच आहे.

लबाडीचे प्रकार थोडेच आहेत. सर्वांत नेहमीचा प्रकार खरे तर लबाडी नसतोच. राइड संपली, सायकल गाडीच्या कॅरिअरवर चढली, रेकॉर्डिंग बंद करायचे राहिले, आणि घाटात ताशी साठने चढणारा नवा राजा जन्माला आला. अशी नोंद कोणीही 'फ्लॅग' करू शकतो, म्हणजे तिच्यावर शंकेची खूण करू शकतो. ई-बाइकची यादी वेगळी असते, पण राइडचा प्रकार बदलायचा 'राहून गेला' तर ती साध्या सायकलींत घुसते. जीपीएसचीही चूक असते. दरडीला लागून असलेल्या वळणावर उपग्रहाचा संकेत परावर्तित होतो आणि रेषा दरीतून जाताना दिसते. त्यामुळे दोन-तीन सेकंदांच्या फरकावर व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये रात्रभर वाद घालणे निरर्थक आहे. तरी घातला जातो.

मे २०२० मध्ये स्ट्रावाने संपूर्ण क्रमयादी पैसे भरणाऱ्यांपुरती ठेवली. फुकट वापरणाऱ्याला वरचे दहाच दिसू लागले. आपण दोनशे चौतिसावे आहोत हे पाहायला वर्गणी भरावी का, यावर पुण्यात काय मते पडली असतील ते सांगायला नको. त्याच वर्षी 'लोकल लेजंड' आले. गेल्या ९० दिवसांत एखादा सेगमेंट सर्वाधिक वेळा पार करणाऱ्याला हा मान मिळतो, वेग कितीही असो. कंपनीत रोज सायकलने जाणाऱ्या, पायात साध्या चपला घातलेल्या माणसाच्या नावावर एखादा उड्डाणपूल असू शकतो. पुणे एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. त्या शहराला शोभणारा मान बहुधा हाच.

बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेच्या आत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या राइड, करणारे या सगळ्याकडे जरा वरून पाहतात. त्यांच्याकडे २०० किलोमीटरला साडेतेरा तास आणि ६०० ला चाळीस तास ही मर्यादा असते आणि क्रमांक काढतच नाहीत. मात्र राइड अपलोड केल्यावर मधल्या घाटात आपली कितवी वेळ लागली हे त्यांतलेही बरेच जण हळूच बघतात.

पावसाळ्यात दरड कोसळली की सिंहगडाचा रस्ता बंद होतो आणि यादी तेवढे दिवस गोठते. पावसाळा संपून कुठे नवे डांबर पडले की ती बातमी आधी ग्रुपवर येते, आणि पुढचे दोन आठवडे तिथल्या जुन्या वेळा मोडत राहतात. याच्या उलट काही सेगमेंट मरतात. चांदणी चौकातला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्री पाडला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये नवी रचना खुली झाली. रस्ता पुरेसा सरकला की नवी राइड जुन्या रेषेवर बसत नाही, पण जुनी यादी तशीच राहते. त्या तुकड्यावर जो तेव्हा पहिला होता, त्याला आता कोणी हरवू शकत नाही.