समुद्रातला मासाही संपतो

जळगावच्या मासळी बाजारात पाटीतलं इवलंसं पापलेट उचलून "एवढं लहान का हो?" विचारलं, की उत्तर ठरलेलं: "घ्या ताई, समुद्र काय आटतो का!" दर उन्हाळ्यात गिरणेचं कोरडं पात्र पाहणाऱ्या आपल्याला समुद्र अथांगच वाटणार. पण हा समज चुकीचा आहे. 1883 मध्ये थॉमस हक्सलेंसारखा शास्त्रज्ञही कॉड मासा संपणार नाही असंच म्हणाला होता. 1992 मध्ये कॅनडाला न्यूफाउंडलंडची कॉड मासेमारी थांबवावी लागली, इतका मासा घटला होता.

केळीच्या बुंध्याशी फुटणारे सगळे पील कापले तर पिलबाग, म्हणजे त्या पिलांवरचं पुढचं पीक, कुठून धरणार? अंडी घालण्याआधीच पकडलेल्या माशाचं तेच होतं. पावसाळ्यातली मासेमारीबंदीही फक्त वादळासाठी नसते. बऱ्याच माशांचा तो विणीचा काळ.

केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या अभ्यासाच्या आधारे राज्याने 2023 मध्ये 54 जातींसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवला. पापलेटासाठी तो 135 मिलिमीटर, म्हणजे कंपासपेटीतल्या पट्टीहून जरासाच कमी. मुलीची जुनी पट्टी मी आता बाजाराच्या पिशवीतच ठेवते.