टिटवीची अंडी आणि पावसाचे महिने

टिटवीने चार अंडी घातली तर चारही महिने पाऊस आणि तीन घातली तर एक महिना कोरडा, असा संदेश कोकणात वर्षानुवर्षे फिरतो. मृगाकडे डोळे लावून बसलेल्या शेतकऱ्याला हा आधार हवासा वाटणे स्वाभाविक आहे. परंतु टिटवी एका विणीत बहुधा चार आणि काही वेळा तीन अंडी घालते, हा तिच्या जातीचाच धर्म आहे; रत्नागिरीत पावसाळ्यात साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडत असल्यामुळे चार अंड्यांचे भाकीत जवळजवळ दरवर्षी खरे ठरल्यासारखे दिसते. माणदेशातही ती बहुधा चारच अंडी घालते, आणि तिथला पाऊस याच्या पाचव्या हिश्श्याइतकाही नसतो.

पडताळा घरीच घेता येतो. एकाच सड्यावरची, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावरची, दोन-तीन घरटी पाहून अंड्यांची संख्या वहीत नोंदवावी. एकात तीन आणि दुसऱ्यात चार आढळली, तर एकाच गावाला दोन निरनिराळे पावसाळे कसे लाभतील? मात्र निरीक्षण दुरूनच करावे, कारण कातळाच्या रंगात मिसळून गेलेली ती अंडी सहज पायाखाली चिरडतात.