एका जनुकातला बदल आणि न पुसल्या जाणाऱ्या खुणा

२००८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या अतिशय आक्रमक कर्करोगाच्या २२ गाठींमधली वीस हजारांहून जास्त जनुकं तपासली. काही गाठींत, विशेषतः तरुण रुग्णांच्या, आयडीएच-१ या जनुकात नेमक्या एकाच जागी बिघाड आढळला. हे जनुक पेशीतल्या चयापचयाचं, त्यामुळे कर्करोगात त्याचा हात असेल अशी फारशी अपेक्षा नव्हती. त्यावरून बनणाऱ्या प्रथिनात, म्हणजे एका एन्झाइममध्ये, १३२व्या जागी आर्जिनिन हे अमिनो आम्ल असायला हवं. बिघाड झालेल्या गाठींत तिथे बहुतेक वेळा हिस्टिडिन हे दुसरं अमिनो आम्ल आलेलं असतं.

एवढ्याशा बदलानं काय होतं, ते पुढच्याच वर्षी कळलं. निरोगी एन्झाइम अल्फा-कीटोग्लुटारेट तयार करतं. बिघडलेलं एन्झाइम तेच वापरून टू-हायड्रॉक्सीग्लुटारेट बनवतं, आणि गाठीत त्याचा साठा होत जातो.

मेंदूच्या आणि यकृताच्या पेशीत डीएनए तोच असतो. कोणतं जनुक चालू, कोणतं बंद, हे ठरवण्यात डीएनएला चिकटलेल्या मिथाइल गटांचा, म्हणजे छोट्या रासायनिक खुणांचा, मोठा वाटा असतो. या खुणांना एपिजेनेटिक म्हणतात. त्या पुसण्याची सुरुवात करणाऱ्या टेट एन्झाइमांना अल्फा-कीटोग्लुटारेट लागतं. टू-हायड्रॉक्सीग्लुटारेटची घडण जवळजवळ तशीच, म्हणून कुलपात चुकीची किल्ली अडकावी तसं ते त्याची जागा अडवून बसतं. मग खुणा साचत जातात, आणि पेशीला परिपक्व होऊ देणारी जनुकंही बंद पडतात. २०१२ मध्ये संशोधकांनी मानवी ॲस्ट्रोसाइट (मेंदूतल्या चेतापेशींना आधार देणाऱ्या) पेशींत फक्त हे बिघडलेलं जनुक घातलं, तर काही काळानं त्यांच्या डीएनएवर या गाठींसारखाच खुणांचा नमुना उमटला. मला हा प्रयोग सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. इथे जनुकीय बिघाडातूनच एपिजेनेटिक बिघाड जन्माला येताना दिसतो.

खुणा दरवेळी रुग्णाच्या विरोधातच जातात असंही नाही. एमजीएमटी या जनुकाचं प्रथिन टेमोझोलोमाइड या केमोथेरपीच्या औषधानं डीएनएला केलेली इजा दुरुस्त करतं आणि औषधाचा परिणाम कमी करतं. २००५ च्या अभ्यासात रेडिएशनसोबत हे औषध घेतलेल्या ग्लायोब्लास्टोमाच्या रुग्णांपैकी ज्यांचं एमजीएमटी मिथाइल खुणांमुळे बंद होतं, त्यांतले साधारण निम्मे २१.७ महिन्यांपलीकडे जगले, असं मध्यक आकडा सांगतो. इतरांसाठी तो १२.७ होता.

म्हणूनच बायोप्सीनंतर आयडीएच आणि एमजीएमटीची तपासणी झाली का, हे घरच्यांनी डॉक्टरांना जरूर विचारावं. २०२१ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात आयडीएच बदललेल्या गाठीला ग्लायोब्लास्टोमा म्हणतच नाहीत. आणि आता त्या एन्झाइमलाच रोखणारी व्होरासिडेनिब ही गोळी आली आहे. शस्त्रक्रियेनंतर दुसरा कोणताही उपचार न घेतलेल्या, ग्रेड दोनच्या (हळू वाढणाऱ्या) आयडीएच-बदललेल्या ग्लायोमात, म्हणजे मेंदूतल्या आधार-पेशींच्या गाठीत, तिनं गाठ पुन्हा वाढेपर्यंतचा मध्यक काळ ११.१ वरून २७.७ महिन्यांवर नेला. अमेरिकेत २०२४ मध्ये तिला मंजुरी मिळाली. ज्या गाठीत आयडीएच शाबूत आहे, तिथे या गोळीला रोखण्यासारखं काहीच नसतं.